मॅव्हिसची पट्टी

मित्रांनो, आधी हात कोरडे करा, मगच जवळ या. मी एक जुनी टेप आहे, स्टुडिओत गाणी भरून घेणारी, आणि कोणावर चटकन विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नाही. टेपवरचं गाणं पुसून तिथे दुसऱ्याचं भरतात, हे मी पहिल्याच दिवशी ऐकलं होतं.

शेफील्डच्या एका लहानशा स्टुडिओत १९७६ साली मी पहिल्यांदा यंत्रावर चढले. समोर दोन बहिणी गात होत्या, ग्लेनिस आणि तिच्याहून मोठी मॅव्हिस. प्रत्येकीच्या आवाजाला माझ्या अंगावर वेगळी पट्टी मिळाली. सूर-बेसूर मला कळत नाही, येईल ते धरून ठेवायचं एवढंच माझं काम. गाणं संपलं आणि मॅव्हिस आईला फोन करायला धावली. तेवढ्यात ग्लेनिस यंत्र चालवणाऱ्या रेगला हळूच म्हणाली, "रेकॉर्डवर मॅव्हिसचा आवाज नको. आणि तिला सांग, मीच काढायला लावला."

बघा तोरा! बहिणीचा काटा काढायचा, वर ते मिरवायचंही!

रेकॉर्ड तुफान खपली. मॅव्हिसने मात्र धाकटीशी बोलणं टाकलं. मी तळघरातल्या फळीवर गेले. वर्षा-दोन वर्षांनी ग्लेनिसच्या नावाची नवी टेप शेजारी येऊन बसे आणि फुशारकी मारे, "आमची बाई पुन्हा पहिल्या नंबरावर!" मी म्हणे, "हो, सख्ख्या बहिणीला बाजूला सारून." पुढे टेपा यायच्याच थांबल्या. म्हणे, आता गाणी संगणकात राहतात. कुणी फिरकेना, आणि तळघराच्या ओलीने माझं अंग चिकट झालं.

गेल्या हिवाळ्यात काठी टेकत ग्लेनिस स्वतः आली. "शेवटची रेकॉर्ड करतेय. ही टेप हवी," म्हणाली. मी ओळखलं, बाई पुरावा नष्ट करायला आली आहे! जुन्या टेपा दुरुस्त करणारी टॅमसिन मला चाचपून म्हणाली, "हिला ओव्हनमध्ये ठेवावं लागेल."

घ्या! जाळणारच होते मला!

पण आच अगदी मंद होती. दिवसभरात अंगातली ओल निघून गेली आणि खरं सांगते, बरं वाटलं. "एक-दोनदाच वाजेल हं," टॅमसिनने बजावलं.

ऐकायला मॅव्हिसला बोलावलं होतं. ती कोटाची बटणं न काढता, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

"चहा घेतेस?" ग्लेनिसने विचारलं.

"नको. माझा आवाज आहे का ते दाखव. पुसलाच असशील."

टॅमसिनने फक्त मॅव्हिसची पट्टी लावली. आवाज जसाच्या तसा होता. मॅव्हिस ताठ झाली. दुसऱ्या ओळीला तिचा चेहरा पडला. तिसरीला ती ओरडली, "अगं बाई! ही मी? मांजराचं शेपूट दारात सापडलंय की काय?"

तिने ग्लेनिसकडे बोट रोखलं.

"अठ्ठेचाळीस वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"तू आईला फोनवर किती आनंदाने सांगत होतीस! माझी जीभच रेटेना. म्हटलं, माझ्यावर रागाव, पण गाणं सोडू नकोस. चर्चमध्ये गातेस ना अजून?"

"दर रविवारी."

"मग!"

"अरे देवा, बिचारे लोक!" मॅव्हिस डोळे पुसत हसली आणि एकदम टॅमसिनकडे वळली. "पूस आधी ती पट्टी!"

घ्या! पहिल्या दिवशी ऐकलं होतं, तेच आलं!

"खबरदार!" ग्लेनिसने काठी आपटली. "शेवटच्या रेकॉर्डवर ती अशीच जाणार."

"हसं होईल माझं."

"दोघींचं होईल. माझा तरी वरचा सूर आता कुठे लागतोय?"

मॅव्हिसने कोटाची बटणं काढली. "चहा ठेव गं," ती म्हणाली.

मित्रांनो, आम्हाला ओलीपासून जपा. आणि कुणाबद्दल मनात अढी धरण्याआधी एकदा वाजवून बघा. सगळं माझ्याच अंगावर होतं, तरी मी अठ्ठेचाळीस वर्षं त्या बाईला नावं ठेवली. तिची माफी मागायची आहे, पण मला स्वतःचा आवाज नाही. तेवढं तुम्हीच तिला सांगाल का?