खुब्यातली रेघ

गोकुळदास मामाला सायकल चालवताना दुखत नव्हतं, चालताना दुखत होतं. सगळा घोळ त्यातून झाला.

मामा चौसष्ट वर्षांचा आहे. डिचोलीत त्याने आयुष्यभर खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला आणि मामाने सायकल घेतली. पहाटे उठून अस्नोडा, कोलवाळ, पेडणे, कधी थेट इब्रामपूर. साठीवरच्या गटात त्याला मागे टाकणारा आमच्या बाजूला अजून कोणी निघालेला नाही. नाडी संथ, रक्तदाब तरुणासारखा, अंगावर चरबी नाही. मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते, त्यामुळे घरातले सगळे अहवाल वाचायला माझ्याकडे येतात. मामाचे अहवाल वाचायला मला आवडायचे. त्यांत खूण करण्यासारखं काही नसायचं.

या जानेवारीत पेडण्याजवळच्या पार्श्याला डुएथलॉन ठरली होती. आधी धावायचं, मग सायकल, मग पुन्हा थोडं धावायचं. मामा पूर्वी कधी धावला नव्हता. छाती भरत नाही तर पाय का थांबवायचे, असा त्याचा हिशेब. पहिल्याच महिन्यात तो डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर धावू लागला. दुसऱ्या महिन्यात उजव्या जांघेत दुखायला लागलं.

सत्यवती मामीने त्याला पार्श्याच्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने पाय हळूच फिरवून पाहिला, खुबा दाबला, हाड जाग्यावर आहे असं सांगितलं आणि पाल्याचा लेप दिला. मग डिचोलीत एक्स-रे काढला. त्यातही हाड जाग्यावर होतं. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. तिसरी परीक्षा मामाने स्वतःच घेतली. सायकलीवर बसून अस्नोड्याला जाऊन आला. काही दुखलं नाही.

स्पर्धा रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा मामा सोप्यावर बसला होता आणि शेजारी केरबा. केरबा गडहिंग्लजकडचा. मामाच्या बरोबरीने ट्रक चालवला, इथेच घर केलं, पण बोली सोडली नाही. रविवारी तोही धावणार होता.

"ये गो डॉक्टरीण," मामा म्हणाला.

"समीक्षा, तूच सांग तेका," मामी आतून म्हणाली. "माझा ऐकणा नाय."

मामा चहाचे कप आणायला उठला. एक हात भिंतीला. उजवं पाऊल टेकलं की लगेच उचलत होता.

"रातचा दुखता?" मी विचारलं.

"कूस बदलताना. शीर धरल्या गो, दुसरा काय नाय. हाड मोडलेला आसता तर पॅडल मारूक जमला आसता?"

"तेच म्हणतोय मी," केरबा म्हणाला. "मोडलेल्या हाडानं माणूस कण्हत पडतंय. ह्यो गडी परवा चढाला मला टाकून गेला. वर जाऊन शेंगदाणं खात बसला हुता."

"सायकलीर तुझा वजन सीट घेता, मामा," मी म्हटलं. "खुब्यार येणाच नाय. धावताना परत्येक पावलाक तुझ्या वजनाच्या कितीतरी पट भार थंय पडता."

"आणि एक्स-रे? तो खोटो?"

"खोटो नाय. हाडाक गेलेली रेघ बारीक आसली तर एक्स-रेत दिसणा नाय. एमआरआयत दिसता."

मामाने कप खाली ठेवला.

"चेसीचा तसाच," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मामीलाही नाही. मामाने सांगितलं, "चेसीक, गाडीच्या सांगाड्याक, केसासारखी रेघ गेली तर धुवन पुसून बघितली तरी दिसणा नाय. घासलेट लावचा, पुसून काढचा, वयर खडू मारचो. रेघेत मुरलेला घासलेट मागीर खडूतून वयर येता."

"मग लाव की घासलेट," केरबा म्हणाला. "वहिनी, खडू हाय का घरात?"

मामी हसली. मामा हसला नाही.

"केरबा, तुझ्या गाडीक रेघ गावली तेव्हा तू काय म्हणाललंस?"

"जाऊ दे की ते आता."

"सांग तिका."

केरबाने मान खाजवली. "म्हटलं, रिकामी गाडी झ्याक पळतीया. सीझन सरू दे, मग बघू वेल्डिंगचं."

"आणि मोडली कधी?"

"भरल्यावर. जेटीच्या उताराला." केरबा माझ्याकडे न बघता म्हणाला. "मी वाचलो ते नशीब."

मामाने मला विचारलं, "ता तुझा एमआरआय खंय करतत?"

"म्हापशाक. उद्या सकाळी जमात."

"आणि रविवारी मी एकटा पळू व्हय?" केरबा म्हणाला.

"उद्या काय नाय गावला तर मीय धावतलंय. आणि तुका मागे टाकतलंय."

"टाकशील. लई टाकशील."

तोवर पायावर भार नको, असं मी सांगितलं. मामीने काजू पाडायची काठी आणली. ती फार लांब होती, म्हणून केरबाने कोयत्याने तोडून आखूड केली. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असते, हे मात्र मामा आणि केरबा दोघांनाही पटेना. मामाने दोन्ही हातांनी धरून पाहिली आणि शेवटी माझं ऐकलं.

मांडीचं हाड वर जिथे वळून खुब्यात शिरतं, त्या भागाला हाडाची मान म्हणतात. शनिवारी एमआरआयमध्ये मामाच्या उजव्या हाडाच्या मानेत रेघ दिसली. म्हापशाच्या हाडांच्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढली. उभं राहिलं की मानेची खालची बाजू दाबली जाते, वरची ताणली जाते. खालची रेघ दाबाने मिटते आणि बऱ्याचदा विश्रांतीने भरून येते. वरची उघडत जाते.

"माझी खंयची?" मामाने विचारलं.

"वरची. अर्ध्यापर्यंत गेलीय."

"उद्या धावलो आसतंय तर?"

"धावायचीसुद्धा गरज नव्हती. सायकलीवरून उतरताना त्या पायावर जोराने टेकला असता तरी पुरे." हाड सरकलं असतं तर खुब्यात बसणाऱ्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती होती, असं ते म्हणाले. मग सांधाच बदलावा लागला असता.

मामाने आकृतीचा कागद आपल्याकडे ओढून पुन्हा एकदा पाहिला. मग ऑपरेशनला हो म्हटलं.

रविवारी सकाळी पार्श्याला स्पर्धा सुरू झाली तेव्हा म्हापशात मामाच्या हाडात तीन स्क्रू बसवत होते. केरबा धावला. शर्यत संपल्यावर त्याने मला फोन केला, धापा टाकत मामाचं विचारलं, आणि आपला नंबर काय आला ते सांगायचं विसरला.

पुढच्या आठवड्यात हाडांची घनता मोजली. खुब्याचा आकडा ठिसूळपणाच्या रेषेच्या बराच खाली होता. ऑपरेशनपेक्षा मामाला हे जास्त लागलं.

"हो बायलांचो रोग," तो डॉक्टरांना म्हणाला. "माका कसो जायत? चौदा वर्षां सायकल मारतंय मी."

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. सायकलीने हृदय सुधारलं, मांड्या सुधारल्या. हाड भाराने सुधारतं, आणि भार सीटवर होता. त्यात तासन्‌तास घाम, घामातून जाणारं कॅल्शियम, आणि वजन वाढू नये म्हणून रात्री नुसती पपई.

"मी सांगत होतंय," मामी म्हणाली. "भाकरी खा, मासो खा. तर म्हणता, चढाक जड जाता."

औषध सुरू झालं. जेवण वाढलं. पण सहा आठवडे उजव्या पायावर वीस किलोपेक्षा जास्त भार टाकायचा नव्हता, आणि वीस किलो म्हणजे किती ते पायाला ठाऊक नसतं. त्यासाठी वजनकाट्यावर पाऊल ठेवून सवय करायची असते. काटा केरबाने आपल्या घरून आणला. मी डाव्या पायाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवली. मामाने दोन्ही कुबड्या काखेत घेतल्या आणि उजवं पाऊल काट्यावर ठेवलं.

काटा पंचेचाळीसवर गेला.

"मामा, काड पाय!"

"मी दाबूकच नाय गो."

"ॲक्सिलेटर न्हवं ते," केरबा म्हणाला. "दमानं."

"तू गप रे."

पुढच्या वेळी एकतीस. मग चोवीस. मामाच्या कपाळावर घाम आला होता, अस्नोड्याच्या चढाला कधी आला नसेल इतका. मग वीसवर काटा थांबला आणि मामाने तो तिथेच धरून ठेवला. पाय कसा वाटतो ते तो मनात बसवत असावा. मामी दारात उभी राहून काट्याकडे बघत होती.

"आता न बघता," मामा म्हणाला.

त्याने पाऊल उचललं, डोळे मिटले आणि पुन्हा दाबलं.

"किती?"

"वीस!" केरबा म्हणाला.

"बावीस," मी म्हटलं.

मामाने डोळे उघडले नाहीत. पाऊल उचललं आणि परत टेकवलं.