काळा की तपकिरी

सिद्धांत गाडीची सीट कव्हरं बदलायला दिल्लीत करोल बागेत गेला आणि येताना दोन टॉर्च घेऊन आला. दोन्ही दिसायला सारखेच, मुठीत मावतील एवढे, काळ्या धातूचे. फरक होता तो उजेडात. एकाचा उजेड पांढराशुभ्र, किंचित निळसर. दुकानदार त्याला कूल म्हणाला. दुसऱ्याचा सकाळच्या कोवळ्या उन्हाकडे झुकणारा, त्याचं नाव न्यूट्रल. कुठला घ्यावा ते सिद्धांतला ठरवता येईना, तेव्हा दुकानदारच म्हणाला, "दोनों ले जाओ भाईसाहब, घर पे जलाके देखो. जो पसंद न आए, लौटा देना."

टॉर्चची गरज होतीच. सिद्धांत दिल्लीजवळच्या मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघायचा. तो आणि त्याची बायको प्रणिता, दोघं वर्ध्याकडचे, टेकड्यांना लागून असलेल्या एका गावात भाड्याने राहत होते. कंपनीची बस त्याला हायवेवर सोडायची आणि तिथून घरापर्यंत रस्त्यावर एकही दिवा नव्हता.

त्या दिवशी दुपारी जोराचा पाऊस झाला होता आणि संध्याकाळी लाइट गेली. दिवेलागण होऊन गेली होती. घरात उकडत होतं.

"चलो, आत्ताच बघून टाकू," सिद्धांत म्हणाला. "यापेक्षा चांगला अंधार कुठे मिळणार?"

दोघं मागच्या अंगणात आले. अंगणाच्या एका कडेला घरमालकिणीने गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या, दुसऱ्या कडेला उरलेल्या विटांचा ढीग. भिंतीपलीकडे बाभळीची झुडपं आणि मग टेकडी. सिद्धांतने कूलचा टॉर्च लावला. झोत भिंत ओलांडून थेट टेकडीच्या उतारावर जाऊन पडला.

"बघ किती लांब जातोय."

प्रणिताने आपल्या हातातला न्यूट्रल लावला. तिच्या झोतात भिंतीजवळचा कढीपत्ता हिरवा झाला, विटा लाल झाल्या.

"तुझ्या उजेडात सगळं राखेसारखं दिसतं," ती म्हणाली. "माझ्यात झाड झाडासारखं दिसतंय."

"मला झाडं नाही बघायची यार. रस्ता बघायचाय. खड्डा दिसला की झालं."

"आणि चेहरा? तुझा टॉर्च माणसावर मारला की माणूस आजारी वाटतो."

"बरं, तू तिकडे उभी राहा. मी विटांवर मारतो, तू पण मार. मग सांग."

तो हसत दोन पावलं मागे सरला. पायात रबरी चपला होत्या. मग तो एकदम थांबला आणि त्याने पाय झटकला.

"काय झालं?"

"काहीतरी टोचलं." त्याने टॉर्च खाली वळवला. आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "प्रणिता, हलू नकोस."

विटांच्या फटीतून हातभर लांबीचा साप बाहेर आला होता आणि परत आत शिरायला जागा शोधत होता. कूलच्या झोतात तो काळा कुळकुळीत दिसत होता आणि त्याच्या अंगावर आडवे पांढरे पट्टे होते.

प्रणिताला तो रंग आणि ते पट्टे ओळखीचे होते. लहानपणी मामाच्या शेतावर तिने मेलेला असाच एक साप पाहिला होता. मोठी माणसं त्याला मण्यार म्हणाली होती आणि त्यानंतर त्या घरी कुणाला जमिनीवर झोपू दिलं नव्हतं. इकडे लोक त्याला करैत म्हणत.

"करैत आहे," सिद्धांत म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला असावा, कारण त्याने घसा साफ करून पुन्हा तेच म्हटलं. "करैतच आहे."

तिने आपला टॉर्च सापावर धरला. तिच्या झोतात साप काळा नव्हता. तो तपकिरी होता, गुळाच्या ढेपेसारखा, आणि पट्टे पिवळट होते.

"सिद्धांत, हा तपकिरी आहे. बघ ना."

"कुठे तपकिरी?"

"तुझा बंद कर. माझ्यात बघ."

त्याने टॉर्च बाजूला केला, क्षणभर पाहिलं, आणि मान हलवली. "पिवळ्या उजेडात सगळंच तपकिरी दिसतं. तुला जे हवंय ते दिसतंय तुला."

खरंच, तिला तो तपकिरी हवा होता. बिनविषारी एक साप मण्यारीसारखा दिसतो, कवड्या म्हणतात त्याला, एवढं तिला माहीत होतं. पण दोन टॉर्चपैकी खोटं कोण बोलतंय, हे कुणाला विचारायचं?

तिने ओरडून घरमालकिणीला हाक मारली. चंदा आंटी शेजारच्याच खोल्यांत राहायच्या. साठीच्या, धिप्पाड बाई. कंदील घेऊन त्या धावत आल्या, सापाकडे बघितलं, कपडे धुवायचा लोखंडी टब उचलला आणि सरळ त्याच्यावर पालथा घातला. वर दोन विटा ठेवल्या.

"इसे मैं देख लूंगी," त्या म्हणाल्या. "तू इसे अस्पताल ले जा, बहू. देर मत कर."

सिद्धांत पायरीवर बसला होता. प्रणिता त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. करंगळीच्या मागे, पायाच्या कडेला दोन बारीक ठिपके होते. कूलचा टॉर्च अजून सिद्धांतच्याच हातात होता आणि त्याने तो पायावर धरला होता. ठिपके काळे दिसत होते. त्यांच्याभोवतीची कातडी निळसर.

"निळं पडायला लागलंय," तो म्हणाला.

तिने त्याच्या हातातून टॉर्च काढून घेतला, बंद केला आणि आपला लावला. ठिपके लाल झाले. कातडी नेहमीसारखी, सावळी.

"काही निळं नाहीये. हे बघ, रक्त लाल आहे."

"अच्छा," तो म्हणाला. पण त्याचा विश्वास बसला नव्हता, हे तिला दिसत होतं. तिचा तरी कुठे बसला होता?

तिने ओढणी काढून पायाला बांधायला घेतली. त्याने हात धरला. "घट्ट बांधायचं नाही. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. पाय हलवायचा नाही, चालायचं नाही. बस."

मग त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि प्रणिता आणि चंदा आंटी दोघींनी खुर्ची ओढत ओढत फाटकापर्यंत नेली. चिखलात खुर्चीचे पाय रुतत होते. आंटी एका हाताने त्याचं डोकं थोपटत होत्या, जणू तो लहान मूल आहे. गाडीच्या मागच्या सीटवर त्याला आडवं केलं.

प्रणिताकडे लायसन्स होतं. पण आजवर ती भाजीबाजाराच्या पुढे कधी गाडी घेऊन गेली नव्हती, आणि हायवेवर तर कधीच नाही. गावातून बाहेर पडताना पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी एकदा बंद पडली. तिने पुन्हा किल्ली फिरवली. तळहात ओले झाले होते आणि स्टिअरिंग निसटत होतं. हायवेवर ट्रकची रांग लागलेली. प्रत्येक ट्रक शेजारून जाताना गाडी हलायची.

"बोलत राहा," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"बाहेरच्या पाट्या वाच. मोठ्याने."

मण्यारीचं विष डोळ्यांवर येतं, पापण्या मिटायला लागतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, हे तिने त्याला सांगितलं नाही. त्यालाही ते माहीत होतं. तो दाराला डोकं टेकवून खिडकीतून वाचू लागला. "शुद्ध शाकाहारी भोजनालय. टायर पंक्चर. किराए के लिए खाली है." आवाज सपाट होता, शाळेत धडा वाचावा तसा. "प्रॉपर्टी डीलर. इंग्लिश वाइन शॉप."

मग तो थांबला.

"सिद्धांत?"

तिने आवाज चढवला.

"सिद्धांत, वाच."

"पापण्या जड वाटतायत," तो म्हणाला.

तिला ब्रेक लावून मागे वळून बघायचं होतं, पण मागे ट्रक होता. आरशात त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त कपाळ. ती काहीतरी बोलत राहिली, काय ते तिला नंतर आठवलं नाही. वर्ध्याच्या बाजाराबद्दल काहीतरी, त्याच्या आईबद्दल काहीतरी. आपला आवाज थांबला की तोही थांबेल, असं तिला वाटत होतं.

पहिलं नर्सिंग होम लागलं तिथे गेटवरच्या माणसाने खिडकीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "सांप का इंजेक्शन यहां नहीं है मैडम. बड़े अस्पताल जाइए." तिने भांडण केलं नाही. गाडी वळवताना बाजूच्या खांबाला दार घासलं. तो आवाज ऐकून सिद्धांत मागून म्हणाला, "जाऊ दे, तू चालव." तो बोलला म्हणून तिला रडू फुटलं. एका हाताने डोळे पुसत, दुसऱ्या हाताने ती गाडी चालवत राहिली.

मोठ्या हॉस्पिटलात त्याला स्ट्रेचरवर घेतलं. ड्युटीवरची डॉक्टर तरुण होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं तुटक. तिने विचारलं, साप कसा होता?

"काला," सिद्धांत म्हणाला. "सफेद धारियां."

"भूरा था," प्रणिता म्हणाली. "पीली धारियां."

डॉक्टरने दोघांकडे पाहिलं. टब पालथा पडण्याआधी घाईघाईत मोबाइलवर काढलेला फोटो प्रणिताने दाखवला. फ्लॅशच्या उजेडात सापाचं अंग चकचकीत पांढरं दिसत होतं. काहीच कळत नव्हतं.

"रंग छोड़िए," डॉक्टर म्हणाली. "मेरी तरफ देखिए. ऊपर. और ऊपर. पलकें मत झपकाइए." तिने सिद्धांतला जीभ बाहेर काढायला लावली, मान उचलायला लावली, दीर्घ श्वास घेऊन आकडे म्हणायला लावले. रक्त काढलं. मग म्हणाली, आत्ता विषाची लक्षणं दिसत नाहीत, त्यामुळे इंजेक्शन लगेच देणार नाही. पण करैत असेल तर लक्षणं उशिरानेही येतात. सकाळपर्यंत इथेच ठेवू, लक्षणं दिसली तर लगेच देऊ.

उशिराने. तो शब्द प्रणिताबरोबर रात्रभर राहिला. सिद्धांतला झोप लागली की ती त्याला हलवून उठवायची. "डोळे उघड." तो उघडायचा. थोड्या वेळाने पुन्हा. नर्स एकदा म्हणाली की झोपू द्या त्यांना, आम्ही बघतोय. प्रणिताने मान डोलावली आणि नर्स गेल्यावर पुन्हा त्याच्या खांद्याला हात लावला. त्याच्या पापण्या खरंच खाली येतायत की तो नुसता दमलाय, हे तिला ओळखता येत नव्हतं. डोळे मिटलेला त्याचा चेहरा बघायची तिला भीती वाटत होती. तोही एकदाही चिडला नाही. प्रत्येक वेळी डोळे उघडून तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "आहे मी."

उजाडलं. डॉक्टरने पुन्हा तपासलं, रक्ताचे रिपोर्ट बघितले, आणि पहिल्यांदाच जरा सैल आवाजात म्हणाली की सगळं ठीक आहे, दुपारी जाऊ शकता, फक्त आज त्यांना गाडी चालवू देऊ नका.

तेवढ्यात चंदा आंटींचा फोन आला. सकाळीच त्यांनी गुरुग्रामहून साप पकडणाऱ्याला बोलावलं होतं. त्याने टब उचलला, साप हातात घेतला, उजेडात धरून सगळ्यांना दाखवला आणि टेकडीवर सोडून दिला.

"भूरा निकला, बहू," आंटी म्हणाल्या. "कह रहा था इसमें ज़हर ना होता. देखने में करैत जैसा लगे है बस."

प्रणिताने ते सिद्धांतला सांगितलं.

"मला वाटलं, तू मला धीर द्यायला तपकिरी म्हणतेयस," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटत होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला दिसत तपकिरीच होता. पण मला तो तसाच हवा होता ना. म्हणून माझा माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता." तिने त्याच्या पायांवरची चादर सरळ केली. "तू बरोबर असशील असं धरूनच गाडी चालवत होते."

त्याने तिचा हात हातात घेतला. दोघांचेही हात गार पडले होते.

दुपारी ते पार्किंगमध्ये आले. दारावर लांबलचक ओरखडा होता. प्रणिता स्टिअरिंगमागे बसली, किल्ली लावली, आणि समोर हायवेवरून जाणारे ट्रक दिसले. तिने किल्ली काढून घेतली.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"चलो, मग राहू दे इथेच," सिद्धांत म्हणाला. "उद्या येऊन नेऊ."

त्यांनी गाडीला कुलूप लावलं, रस्त्यावर येऊन एका शेअर ऑटोला हात केला, आणि मानेसरच्या कामगारांच्या मध्ये अंग चोरून बसले.