माझ्या अंगाला साबणाचा वास येतो

मी बोलतोय, पण हळू बोलतो. काकूंनी ऐकलं तर पंचाईत. मी बोटभर लांबीचं, नरम प्लास्टिकचं गांडूळ आहे. रंग तपकिरी, शेपूट पातळ. गळात ओवून पाण्यात सोडलं की माशाने मला खरं गांडूळ समजावं, एवढ्यासाठीच माझा जन्म.

जन्म साच्यातला. गरम रस ओतला, तो गार झाला आणि आम्ही आठ भावंडं उग्र वासाच्या तेलात माखून एका पाकिटात येऊन पडलो. एक दिवस दुकानात मास्तर आले. मास्तर म्हणजे शिंपी. उभा जन्म कपडे बेतण्यात गेला. गेल्या वर्षी मेंदूला झटका आला, तेव्हापासून उजवा हात थरथरतो आणि नाकाला कसलाच वास येत नाही. बोटांना काम द्या, घराबाहेर पडा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून हा मासे धरायचा नाद. सोबत त्यांची बायको होती. तिला सगळी गल्ली काकू म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

"ब्रीम धरायचाय ना?" दुकानदार म्हणाला. "महासंशयी मासा! पाणी गढूळ असेल तर हा तपकिरी रंग न्या. गळ हलका घ्या, म्हणजे आमिष सावकाश बुडतं. आणि साबणाच्या हाताने याला शिवू नका. वास बिघडला की मासा तोंड फिरवतो."

मास्तरांनी मान डोलावली. काकूंनीही.

इतर लोक आमच्यात गळ नुसत्या अंदाजाने खुपसतात. मास्तरांचं तसं नाही. आधी माप, मग काम. ते गळ आमच्या अंगावर आडवा ठेवून बघायचे, टोक जिथे बाहेर यायला हवं तिथे शिंप्याच्या खडूने ठिपका द्यायचे, मग जीभ दातांत धरून डोक्याच्या बरोबर मधून ओवायचे. गळ तिरका गेला की आम्ही पाण्यात भिंगरीसारखे गरगरतो, आणि मग कुठला मासा जवळ येतोय! पहिल्या रविवारी नदीच्या धक्क्यावर त्यांनी दोन मासे काढले. माझ्या थोरल्या भावाची शेपूट त्यात तुटली आणि तो कामी आला.

पण परतताना शेवाळलेल्या पायरीवर मास्तरांचा पाय घसरला. गुडघा फुटला.

"अहो, पुरे झाले आता ते मासे," मलमपट्टी करता करता काकू म्हणाल्या.

"खरचटलंय फक्त. लगेच गळा काढू नकोस."

काकूंनी पट्टीला गाठ मारली आणि त्या उठल्या. मास्तरांच्या डोक्यात एकदा बसलं की साक्षात ब्रह्मदेव आला तरी ते ऐकत नाहीत, हे त्यांना चांगलं ठाऊक.

पुढच्या शनिवारी मास्तर दुपारचे झोपले असताना काकूंनी आम्हाला मोरीत नेलं आणि साबण लावून खसखसा धुतलं. मला वाटलं, विसरल्या बिचाऱ्या. पण नळ सोडण्याआधी त्यांनी दाराकडे वळून पाहिलं. तेव्हा मला कळलं, त्या विसरल्या नव्हत्या.

त्या रविवारी मास्तर रिकाम्या हाताने परतले. त्याच्या पुढच्या रविवारीही. पाण्यातून आलेली भावंडं सांगत, मासा आला, अगदी तोंडाशी आला आणि वळला. मास्तरांना मात्र वाटे, गळच तिरका बसलाय. ते पुन्हा काढत, पुन्हा ओवत. नरम अंगाला भोकं पडली की उरतं काय? चार रविवारांत सहा जण फाटले आणि मी एकटा राहिलो. मला सगळं माहीत होतं. पण माझा एवढासा आवाज मास्तरांच्या कानापर्यंत पोचत नव्हता.

आणि मास्तर खचत चालले. सदऱ्याची बटणं स्वतः लावण्यासाठी हट्टाने भांडणारा माणूस आता काकूंसमोर मुकाट्याने उभा राहू लागला. "एकच उरलंय," एका रात्री जेवताना ते म्हणाले. "उद्या मासा नाही लागला, तर गळाची काठी देऊन टाकू. शिलाई मशीनही. हात गेले माझे."

काकूंचा घास हातातच राहिला. पण मला तर त्यांनी दुपारीच धुतलं होतं.

रविवारी त्या स्वतःहून धक्क्यावर आल्या. मास्तरांनी मला ओवायला घेतलं. हात असा थरथरत होता की माझा जीव मुठीत! पण टोक नेमकं खडूच्या ठिपक्यातून बाहेर आलं, सूतभरही इकडेतिकडे नाही. काकू टक लावून बघत होत्या. मी पाण्यात सरळ, सावकाश उतरलो. मासा आला. हुंगलं. निघून गेला. असं चारदा झालं.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. "संपलं."

"हात नाही गेले हो तुमचे," काकू एकदम म्हणाल्या. "मी धुते त्यांना. दर शनिवारी. साबणाने."

मास्तरांनी दोरी गुंडाळून मला वर घेतलं.

"किती रविवार?"

"पाच. तुम्ही पुन्हा पडलात तर मी काय करू? मला झोप लागत नाही हो."

"अगं, मग तसं म्हणायचंस! भांडलो असतो आपण. मी पाच रविवार स्वतःच्या हातांना शिव्या घालत होतो." त्यांचा आवाज फुटला. काकूही रडल्या. मला दोघांचंही वाईट वाटत होतं, आणि राग मात्र एकीचाच येत होता.

आता मी तेलाच्या बाटलीत आहे. आठवडा होत आला. आज शनिवार. तुमच्याही घरात कुणाला जपणारं कुणी असेल, तर एवढंच सांगतो: भीती वाटली तर ती तोंडाने बोलून टाका.

मघाशी मास्तरांनी मला बाहेर काढलं आणि काकूंच्या नाकाशी धरलं. "बघ गं, गेला का साबणाचा वास? मला काही कळत नाही."

काकू वाकल्या. साबणाचा अंश अजून आहे, पण तेल पुरतं मुरलंय. मला माझं कळतं. "नाही गेला" असं म्हटलं की मास्तर घरी थांबणार होते. काकूंनी पुन्हा एकदा हुंगलं. त्यांची नजर मास्तरांच्या गुडघ्यावर गेली आणि तिथेच राहिली. मी भीतीने अर्धा झालो.

"जरासा आहे," त्या म्हणाल्या. "पण मासा फसेल. उद्या जा तुम्ही."