दर्भाचा कावळा

कोपरीचा दामाजी गेला त्याच्या दहाव्या दिवशी खाडीवर एवढी माणसं जमली, की भटजींना आपली पिशवी ठेवायला कोरडी जागा सापडेना. माजिवड्याची माणसं होती, कळव्याची होती. डोंबिवली-कल्याणकडची तर पहाटेच घर सोडून आली होती. यातली निम्मी माणसं दामाजीशी जन्मात चार शब्दही बोललेली नव्हती. त्यांनी त्याला पाहिलं होतं ते भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत, शर्यतीच्या छकड्यावर उभा असलेला. एका हातात कासरे, दुसरा हात रिकामा.

त्या रिकाम्या हाताची सगळ्या मुलखात ख्याती होती. बाकीचे गाडीवान पराणी घेत. टोकाला खिळा ठोकलेली ती काठी पुठ्ठ्यात रुतली की बैल जिवाच्या आकांतानं पळे. दामाजीनं बारा वर्षं शर्यती मारल्या त्या नुसत्या हाळीवर. पाखऱ्या आणि निळ्या ही त्याची जोडी त्याचा आवाज ऐकून पळायची, आणि तो आवाज ऐकायला माणसं दहा-दहा कोस चालत यायची.

"आगगाडीला मागं टाकली व्हती त्यानं," डोंबिवलीचा एक म्हातारा सांगत होता. "या डोल्यांनी बगितली मी."

"गाडी उभी व्हती, बाबा. इंजान पानी पीत व्हतं."

"मग? दामाजीला बगून तहान लागली तिला!"

माणसं हसली आणि आपण कुठे उभे आहोत ते आठवून गप्प झाली.

भागीरथी हे ऐकत होती. दामाजीची ही एकुलती एक मुलगी. नवरा गेल्यावर आठ वर्षांपूर्वी ती माहेरी परतली, तेव्हापासून जोडीचं वैरणपाणी तिच्याच हातात होतं. दामाजीला मुलगा नाही म्हणून पिंड द्यायला तिचा चुलतभाऊ दाजी बसला होता. आई मनुबाई तिच्या खांद्याला टेकून उभी होती. भागीरथी दहा दिवसांत चारचौघांत रडली नव्हती, आणि आळीतल्या बायकांची त्यावरही चर्चा करून झाली होती.

पिंड मांडला. माणसं मागे सरली. तिवरांच्या फांद्यांवर कावळे पुष्कळ होते, पण एकही खाली उतरेना.

पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला. मग जिवंत माणसांनी ओळखायचं कशात ते, आणि शब्द द्यायचा. दाजीनं हात जोडले. "काका, काकूला मी सांभालीन." कावळे हलले नाहीत. "भागीला काय कमी परू देनार नाय." नाहीच. घटका गेली. ऊन चढलं. भरतीचं पाणी चिखलावर चढू लागलं.

मग गर्दीतून हिराजी पुढे आला. माजिवड्याचा हा माणूस बारा वर्षं दामाजीच्या प्रत्येक शर्यतीला हजर. बैलांच्या पायांना तेल चोळायला, हरलेल्यांशी भांडायला, दामाजीला खांद्यावर घेऊन नाचायला पहिला. अंत्ययात्रेतही सगळ्यांत मोठ्यानं तोच रडला होता.

"दामाजीदादा," तो म्हणाला, "चैत्रात कल्यानला तुजी जोडी पलवतो मी. तुज्या नावानं. पयली आनून दावतो!"

एक कावळा खाली आला. दोन उड्या मारून पिंडापासून हातभर लांब थांबला.

"बगा! बगा!" सगळ्या किनाऱ्यावर एकच गलका झाला. त्या गलक्यानं कावळा उडाला, पण आता कुणाच्या मनात शंका उरली नव्हती. "घरच्यांनी बोलाया पायजे. भागी, हो म्हन!"

शेकडो डोळे तिच्याकडे वळले.

भागीरथीला त्या क्षणी बापाचा हात आठवत होता. डोंबिवलीच्या शर्यतीत छकडा बांधावर उलटला आणि चाक दामाजीच्या छातीवरून गेलं, त्यानंतर तो दोन दिवस जगला. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं नशीब. खरं काय ते दामाजीनं तिला एकटीला सांगितलं. शेवटच्या टप्प्यात दुसरी जोडी जवळ आली, तेव्हा गर्दीतून धावत येऊन एकानं पाखऱ्याला पराणी टोचली. दामाजी जिंकावा म्हणून. ज्याला जन्मात खिळा माहीत नाही तो बैल बुजला आणि आडवा फिरला. टोचणारा हिराजी होता.

"त्याला बोलू नको," दामाजी म्हणाला होता. "हिराजीचा जीव हाय जोडीवर. पन जोडी आता शर्यतीत घालायची नाय. मी नसलो की सगले तिला टोचतीलच." आणि तिचा हात दाबून धरला होता, तिनं मान हलवेपर्यंत.

"नाय," भागीरथी म्हणाली. "जोडी पलनार नाय."

आधी कुणाला खरं वाटेना. मग सगळे एकदम बोलू लागले.

"बापाचं नाव बुडवतेस?"

"तुजी एकटीची हाय काय जोडी? सगल्या मुलखाची हाय!"

"मुलखानं किती दिस शेन काढलं तिचं?" भागीरथीनं विचारलं.

मनुबाईनं तिचा दंड घट्ट धरला. "हो म्हन गो माजे बाय. नुसतं म्हन. मागनं बगू. तुजा बापूस उपाशी हाय तकडं."

हे मात्र भागीरथीला लागलं. नुसतं म्हणायचं, आणि कावळा उतरला तर सगळं सुटेल. पण या एवढ्या माणसांसमोर, बापाच्या पिंडावर दिलेला शब्द मागे कसा घेणार होती ती? आणि घेणार नसेल, तर दोन दिवस मरणाशी झगडून बापानं जे मागितलं ते या पाण्यात सोडल्यासारखंच होतं.

"आये," ती हळू म्हणाली, "बैलांनी गवताला तोंड लावल्याबिगर तो कदी पानावर बसला? थांबल थोडा." मग ती भटजींकडे वळली. "दर्भाचा कावला करा, भटजी."

कावळा येतच नाही तेव्हा गवताचा कावळा करून पिंडाला लावतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते ज्यांना विचारणारं कुणी नाही त्यांच्यासाठी.

"दामाजीला? गवताचा कावला?" हिराजी ओरडला. "असली पोरगी दामाजीच्या पोटी आली!"

भटजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दर्भ घेतले.

त्या दिवशी खाडीवरून परतताना तिच्याबरोबर आई आणि दाजी यांच्याशिवाय कुणी चाललं नाही. तेराव्याला पानं वाढली तशीच राहिली.

चौदाव्या दिवशी सकाळी तिनं जोडी बाहेर काढली आणि मिठाच्या गाडीला जुंपली. जड, दोन चाकी, ओबडधोबड गाडी. मिठागरावरून स्टेशनापर्यंत मीठ वाहायचं होतं. बाई गाडी हाकते हे बघायला कोपरीचं प्रत्येक दार उघडलं. शर्यतीची जोडी मीठ ओढते म्हणून एका म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. भागीरथीनं कासरा ढिला सोडला. हाळी तिला येत नव्हती. ती नुसती "चला" म्हणाली. बैल आपल्या चालीनं चालू लागले.

मिठागराच्या बांधावर हिराजी उभा होता. तो गाडीला आडवा आला नाही. बाजूनं चालत राहिला, बराच वेळ, पाखऱ्याच्या पुठ्ठ्याकडे न बघता.

"भागी," शेवटी तो म्हणाला, "दादा माज्याबद्दल काय बोलला?"

तिनं कासरा ओढला. गाडी थांबली.

"बोलला, हिराजीचा जीव हाय जोडीवर."

हिराजी मटकन खाली बसला. दहा दिवस तो ओरडून रडला होता. आता तोंडातून आवाज निघेना. भागीरथी गाडीवर बसून राहिली. आता पराणीचं सांगितलं तर सगळ्या मुलखात याला उभं राहायला जागा उरणार नाही, हे तिला दिसत होतं. सांगायची इच्छाही होत होती. ती इच्छा गेल्याशिवाय तिला बोलायचं नव्हतं.

"काका, उठा," ती म्हणाली. "ढीग भरायचा हाय. ऊन होयाच्या आत तीन खेपा करायच्या. आनि कल्यानच्या लोकांना तुमी सांगा, जोडी येनार नाय म्हनून. तुमचं ऐकतील."

हिराजीनं तोंड पुसलं आणि गाडीतली टोपली उचलली.