वरची जागा

“डोळे पिवळे दिसताहेत, सर,” मेजर लसकम म्हणाले आणि सुपाचा वाडगा उशाशी ठेवून कर्नलसाहेबांचं तोंड निरखत उभे राहिले.

“अजून मेलो नाही,” साहेब म्हणाले. “वाट बघायची तर खुर्ची घ्या, पाय दुखतील.”

स्टोनहाउसच्या बराकीत मी कर्नल पेनहॅलोंचा नोकर. त्यांचे बूट चमकवण्यात माझा जन्म गेला. आमच्या आरमारी पलटणीत हुद्दा पैसे टाकून मिळत नाही. वरचा मेला किंवा घरी गेला, तरच खालचा चढतो. म्हणून दर गुरुवारी मेसमध्ये हे सभ्य गृहस्थ पेले उचलून ‘घनघोर लढाई, नाहीतर मोठी साथ’ मागतात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात, फक्त चांदीच्या चमच्याने खाते.

लसकमांचा वाढदिवस तोंडावर आला होता. तोवर बढती मिळाली नाही, तर वयाच्या नियमाने त्यांना घरी बसावं लागणार होतं. साहेबांनाही एकच आस होती, जनरल होण्याची. आणि वरचे जनरल तिकडे लंडनला अंथरुणाला खिळले होते.

“थोडी कळ काढा, साहेब,” मी म्हटलं. “म्हातारा आज-उद्याचा सोबती आहे.”

“तूही तेच बोल, टकेट.” साहेबांनी सूप बाजूला सारलं. “सकाळी पेपर आला की मी आधी काय बघतो? तो गेला का. शी! त्या लसकममध्ये आणि माझ्यात फरक काय राहिला?”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी निवृत्ती मागितली. लसकम चढले. पंधरवडाही झाला नाही तोच लंडनचे जनरल गेले. साहेबांनी बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि अंड्यावर मीठ घातलं.

आभार मानायला लसकम फिरकले नाहीत. हुद्द्याबरोबर साहेबांचं सरकारी घरही आता त्यांचं होणार होतं, म्हणून आली ती त्यांची बायको, हातात मापाची पट्टी घेऊन, साहेब दाढी करत असताना.

“पडद्यांची मापं घ्यायची होती, कर्नल. तुम्ही कधी निघताय ते काही कळेना. चालू द्या तुमचं, माझी हरकत नाही.”

निर्लज्जपणाची कमाल झाली. तिला जिन्याची वाट दाखवायला मी पुढे झालो.

“टकेट, स्टूल आण,” साहेब म्हणाले.

गालावर साबण तसाच होता. त्यांनी वस्तरा ठेवला, हात पुसले आणि पट्टीचं दुसरं टोक धरून, ती आकडा सांगेपर्यंत खिडकीशी ताठ उभे राहिले.