घराचा मेन नंबर

नारायणरावांच्या डोक्यात हे घर शिरलं ते हैदराबादेत. बियाण्याच्या कंपनीनं दुकानदारांची सहल नेली होती आणि हॉटेलातल्या खोलीत फोनवर बोट ठेवलं की पडदा आपोआप सरकत होता. धामणगाव बढ्याचा हा माणूस चारमिनार बघायचा सोडून त्या पडद्यापुढं संध्याकाळभर बसून राहिला म्हणतात. परत आल्यावर त्यांनी गावाबाहेर, रस्त्याला लागून नवा बंगला काढला आणि गवंड्याला सांगितलं, "विटा कशाबी लाव बे, पण घर फोनवर चाललं पाह्यजे."

वायरिंगला बुलढाण्याहून फहीम आला. बोलायला कमी आणि भिंतीला कान लावून विचार करायला जास्त, असा मिस्त्री. सिमेंटच्या गोण्यांवर नकाशा पसरून त्यानं विचारलं, कोणत्या खोलीत काय काय हवं? नारायणराव म्हणाले, "सगळं." शेखर, त्यांचा मुलगा, दुकानाचा फोन आला म्हणून बाहेर गेला तो गेलाच. सासूबाई, म्हणजे सत्यभामाबाई, देवघर पूर्वेला ठेवा एवढं सांगून मोकळ्या झाल्या. उरली सून.

प्रतीक्षाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. एवढ्या दिवसांत या घरानं तिला काही विचारलं असेल तर भाजीत तिखट किती टाकलं, एवढंच. शास्त्र शिकलेली, बीएड झालेली पोरगी. ती नकाशावर जी वाकली ती उठलीच नाही. पलंगाजवळ बटण कोणत्या बाजूला, जिन्यात पाय पडला की दिवा लागावा का, पाण्याची मोटर टाकी भरल्यावर आपोआप बंद व्हावी का, सगळं तिनं ठरवलं. दारातलं कुलूप, गेट, गिझर, मोटर, कॅमेरे सगळं फोनवर. खोल्यांमध्ये काचेच्या गुळगुळीत पाट्या, नुसता स्पर्श केला की दिवा. फहीम एकदा म्हणाला होता, "भाभी, गेटले आन् गिझरले एकएक साधं बटन ठेवून देऊ. घरात मोठी माणसं हायेत." त्यावर नारायणराव उखडले. "मंग हुशारी काय राह्यली त्याच्यात?" प्रतीक्षाही हसली. आपल्या नकाशात ते जुनाट बटण तिलाच नको होतं.

शेवटी फहीमनं विचारलं, "मेन नंबर कोणाचा टाकू? बाकीचे मागून जोडता येते, पण मालक एकच राहते."

नारायणरावांनी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात सत्यभामाबाई म्हणाल्या, "सुनेच्या फोनात टाका. घराच्या किल्ल्या सुनेजवळच शोभतात."

प्रतीक्षाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जुन्या घरातला किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला असायचा आणि झोपेतही तिथून हलत नसे. तो आपण न मागता आपल्याकडे आला, असं तिला वाटलं. रात्री तिनं माहेरी मलकापूरला फोन करून भावाला ते सांगितलंसुद्धा.

वास्तुशांतीला सगळा गाव येऊन गेला. प्रतीक्षा मधोमध उभी राहून फोनवर बोट ठेवी आणि झुंबर निळं होई, पिवळं होई. बायका पदर तोंडाला लावून पाहत होत्या. मग पाहुणे गेले आणि घर तिच्या मागं लागलं.

"प्रतीक्षा, गिझर!" ही बाथरूममधून सासऱ्यांची हाक. "प्रतीक्षा, गेट उघड, गॅसवाला उभा हाये." "मोटर लाव व पोरी, पाणी गेलं." काचेच्या पाटीला सासूबाई हात लावत नसत, करंट बसते म्हणायच्या. देवघरातला दिवा लावायचा तरी हाक तिलाच. ती न्हायला गेली की फोन बाहेर ठेवून जायची सोय नव्हती, आणि आत नेला तर दारावर थाप पडे. राखीला मलकापूरला गेली, तर नेमकी त्या दिवशी भावाच्या घरी रेंज नाही. इकडं टाकी कोरडी. शेखर मोटरसायकल घेऊन न्यायला आला, तिचं ताट अजून अर्धंच झालं होतं.

तिनं सगळ्यांना जोडायचा प्रयत्न केला. शेखरच्या फोनात टाकून दिलं. चार दिवसांत त्यानं ते काढलं. फोन हँग होते म्हणे. नारायणराव म्हणाले, "आपल्याले कायले? तू हायेस ना." सत्यभामाबाईंनी तर फोन असा धरला की त्यात विंचू असावा. घर हुशार झालं आणि माणसं एकजात पांगळी झाली. त्या पांगळेपणाचा त्यांना काही त्रास होत नव्हता, त्रास सगळा तिला एकटीला होता.

अशात नोकरीचा कागद आला. मेहकरच्या एका संस्थेच्या शाळेत विज्ञान शिक्षिका. प्रतीक्षानं दोनदा मुलाखती दिल्या होत्या, आणि "नोकरी लागली तर करशील" असं शेखरनं लग्न ठरतानाच कबूल केलं होतं. शनिवारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार. तिथंच खोली घेऊन राहायचं आणि रविवारी घरी यायचं, असं तिनं मनाशी जमवलं होतं.

घरात कोणी नाही म्हटलं नाही. तीच तर पंचाईत होती. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. इथं सासरे म्हणत, "जाय ना, पण आमची आंघोळ?" शेखर म्हणे, "तिथूनच चालव ना सगळं, रेंज तं असते शाळेत." वर्गात उभं राहून गुरुत्वाकर्षण शिकवता शिकवता सासऱ्यांचा गिझर लावायचा, हे डोळ्यांपुढं आलं आणि प्रतीक्षाला रडूच फुटलं. गळ्यातलं दावं लांब केलं म्हणून ते दावं नाही असं थोडंच होतं?

आणि मग सत्यभामाबाईंनीच तोड काढली. "रडू नको व. बिनघोर जाय. फोन तेवढा ठेवून जाय."

"आई, तो माझा फोन आहे."

"हो ना माय. पण घर त्याच्यातच हाये ना."

सगळ्यांना ते पटलं. घर त्या नंबरालाच बांधलेलं, म्हणून सिमही त्यातच राहणार; शेखर म्हणाला, आठवड्यात नवा फोन, नवा नंबर घेऊन देतो. प्रतीक्षा चिडली, मग तिनं विचार केला, आणि विचार करता करता तिला हलकं वाटायला लागलं. फोन इथं राहिला तर गिझरची हाक मेहकरपर्यंत पोचणारच नाही. एवढ्यावर सुटका होत असेल तर स्वस्तच आहे! तिनं फोनचं लॉक काढलं आणि दुपारभर सासूला शेजारी बसवून शिकवलं. सत्यभामाबाईंचं बोट थरथरत होतं. गिझर लावायला जात आणि गेट उघडे. "होईल व हळूहळू," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी ती बुलढाण्याला गाडी बदलून निघाली. हात सारखा पर्सकडं जात होता. चिखली मागं पडली तशी ती सवय सुटल्यासारखी झाली. खिडकीतून वारा येत होता आणि जगात कोणालाही तिच्याकडून दिवा लावून नको होता. ती खुश होती, अगदी मनापासून खुश होती.

शाळेत मुख्याध्यापिका अनुपमा मॅडमनी चहा मागवला, कागद पाहिले, आणि कॉम्प्युटर पुढं ओढला. "हजर झाल्याची नोंद संस्थेच्या साईटवर करावी लागते. तुमच्या मोबाईलवर सहा आकडे येतील, तेवढे सांगा."

प्रतीक्षाचा हात पर्सकडं गेला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"दुसऱ्या नंबरवर मागवता येणार नाही का, मॅडम?"

"नंबर बदलायला संस्थेत अर्ज द्यावा लागतो. सोमवारच्या आत होणार नाही, आणि आज शेवटचा दिवस." मॅडमनी आपला फोन तिच्यापुढं केला. "घरी लावा ना. कुणीतरी वाचून दाखवेल."

शेखर आणि सासरे माल आणायला खामगावला गेलेले. तिनं आधी शेखरला लावला. तो म्हणाला, "आईले विचार," आणि गाडीच्या आवाजात बुडाला. मग तिनं सासूच्या साध्या फोनवर लावला.

"आई, मी बोलतेय. माझ्या फोनवर मेसेज आलाय, सहा आकडे आहेत. तेवढे वाचा."

"पोचली का व? जेवली?"

"जेवते नंतर. आकडे वाचा ना आधी."

पलीकडं दुसरा फोन उचलल्याचा आवाज आला. मग, "दिसून नाही राह्यलं माय. लई बारीक हाये."

"चष्मा लावा."

"चष्मा कुठी ठेवला का मालूम."

सत्यभामाबाईंचा चष्मा दोरीनं गळ्यात असे. रोज सकाळी त्या पोथीचा अध्याय वाचत, आणि पानाच्या तळातलं बारीक अक्षरही सोडत नसत. प्रतीक्षा काही बोलणार तेवढ्यात तिला तिकडून दूधवाल्याची हाक ऐकू आली, आणि सासूचं उत्तर, "थांब रे, उघडते." पाठोपाठ गेटची मोटर घरघरली. पहिल्याच बोटाला.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला दिसतंय. आकडे नाही मिळाले तर नोकरी जाईल माझी."

सत्यभामाबाई रागावल्या नाहीत. त्यांचा आवाज उलट मऊ झाला, लेकीशी बोलावं तसा. "जुन्या घरी दारात बसलं तं दहा बाया बोलाले होत्या व. इथी दिवसभर रस्त्याच्या गाड्या पाहाच्या. तू बी गेल्यावर मी कोणाले हाक मारू? संध्याकाळच्या गाडीनं येजो. दोघी मिळून वाचू आकडे." आणि फोन ठेवला गेला.

अनुपमा मॅडम कीबोर्डवर हात ठेवून बसल्या होत्या. "काय म्हणाल्या?"

"चष्मा सापडत नाहीये त्यांचा," प्रतीक्षा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच संताप आला. इतक्या लांब येऊन, नोकरी हातातून जात असताना, तिच्या तोंडानं आधी सासूची लबाडी झाकली होती; कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती.

"परत लावून बघा," मॅडम म्हणाल्या. "पाचपर्यंत साईट चालू असते."

तिनं परत लावला. पूर्ण रिंग वाजली. कुणी उचलला नाही.