गोगलगायीचा शंख

ऐका ना गं, मधे बोलू नका कुणी, नाहीतर मला रडू येईल. माझा मावसभाऊ पेन्सिल, काटकुळा आहे म्हणून पेन्सिल, तो चालून चित्रं काढतो ना? मोबाईलमधलं ॲप चालू करायचं, गल्लीबोळांतून फिरायचं, की नकाशावर आपल्या मागे लाल रेघ उमटत जाते. आज गोगलगाय होती, आणि मोबाईल धरून मी त्याच्यासोबत. शेपटी झाली, शिंगं झाली. राहिला शंख. शंख म्हणजे त्याच गल्ल्यांना फेरे, दर फेरा आधीच्यापेक्षा आत. आणि मधोमध नेमकं बाइक दुरुस्तीचं गॅरेज!

चौथ्या फेऱ्याला मिस्त्रीने पेन्सिलची कॉलरच धरली. "परवा दोन गाड्या चोरीला गेल्या माझ्या. आज काय न्यायला आलास?"

"काका, चित्र काढतोय."

"कागद कुठंय?"

पेन्सिलला हसू आलं. तिथेच घात झाला. मिस्त्रीने असा पाना हाणला की मनगट कटकन वाजलं. मग त्याचे दोन्ही कारागीर तुटून पडले. लाथा, बुक्के, एकाच्या हातात तर चेन. पेन्सिलच्या तोंडातून रक्त! मी किंचाळले, "खोटं नाही हो, हे बघा!" आणि शहाणपणा करून मोबाईल मिस्त्रीच्या नाकासमोर धरला.

तो बघतच राहिला. लाल रेघेचे वेढे, एकात एक, आवळत आवळत थेट त्याच्या शटरपर्यंत.

"अरे, घेराच घातलाय की आपल्याला!"

"काका, शिंगं बघा ना, गोगलगाय आहे!"

"गोगलगाय अन् पोटात पाय! मोडा रे याचे पाय."

एकाने पेन्सिलचा पाय पायरीवर दाबून धरला. मिस्त्रीने जॅकचा दांडा उचलला. पेन्सिल कसाबसा म्हणाला, "छोटे, पळ."

मी नाही पळाले. शेजारी जुना सायलेन्सर पडला होता, तो दोन्ही हातांनी उचलला आणि मिस्त्रीच्या कानशिलात घातला. तो धाडकन आडवा. मी परत घातला. परत. परत. कारागीर भिंतीला चिकटून उभे.

टॅक्सीत घालून पेन्सिलला दवाखान्यात नेलं. पाय शाबूत आहेत, मनगट जुळेल म्हणतात. मिस्त्री पलीकडच्याच वॉर्डात आहे. अजून शुद्धीवर नाही.

पेन्सिल माझ्याकडे बघतच नाहीये गं. एवढंच म्हणाला, "पहिल्या फटक्यातच पडला होता तो, छोटे. मग पुढचे तीन कशाला?"

हात थांबतच नव्हते माझे.